‘शाब्बास’च्या आधीची जागा

यंदा आमच्या रांगेत मधूनच सगळे विळे एकदम थांबतात. कांद्याची पात कापताना एक आवाज असतो, खच्, खच्, खच्. बायका जास्त असल्या की तो तुटत नाही, वाळल्या पानांवरून कोणीतरी सारखं चालत असल्यासारखा येत राहतो. तो एकाएकी बंद पडतो. बांधावरून सायकलवर जाणारा माणूस मान वळवून बघतो. त्याला वाटत असेल, विंचू निघाला. मग रांगेतून एखादी काहीतरी बोलते, बाकीच्या हसतात, आणि विळे पुन्हा सुरू होतात.

विंचू वगैरे काही नसतो. मास्तरांनी प्रश्न विचारलेला असतो.

मास्तर आमच्यात बसत नाहीत. ते कळशीत असतात. रिकामी, कोरडी कळशी आडवी करायची, तिच्यात मोबाईल ठेवायचा, म्हणजे आवाज रांगेच्या टोकापर्यंत जातो. ही युक्ती मागच्या उन्हाळ्यात माझ्या जावेने, लताने काढली. त्याआधी मोबाईल माझ्या कमरेला पिशवीत असायचा आणि मास्तर एकट्या माझ्याशी, पदराखालून बोलायचे.

कापलेल्या पातीचा वास आला की मला मागचा सगळा उन्हाळा आठवतो. तो वास तिखटही असतो आणि गोडसरही. बोटांना लागला की साबणाने जात नाही, भाकरीलाही थोडा लागतो. आत्ता हे लिहिताना कागदालाही लागला असेल. बाभळीला एक टोक आणि बांबूला एक टोक बांधून केलेला जुन्या साडीचा आडोसा, त्यातून अंगावर पडणारं गुलाबी ऊन, गुडघ्याशी कांद्याचा ढीग. त्या गुलाबी उन्हात बसून मी पाचवीला गेले.

पाचवीत काय असतं, हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच. पाचवी पाटाच्या पलीकडे, दुसऱ्या गावात. चौथी सुटल्यावर माझी मैत्रीण सिंधू पाचवीला गेली आणि मी शेळ्यांमागे. संध्याकाळी ती पाटावरच्या फळीवरून परत यायची तेव्हा मी शेळ्या घेऊन मुद्दाम तिथेच असायचे.

“काय शिकवलं गं आज?” मी विचारायचे.

“लई अवघड असतंय,” ती म्हणायची. “तुला न्हाई कळायचं.”

एवढंच. ती कधी काही सांगायची नाही. आता वाटतं, दिवसभर शाळा करून थकलेल्या पोरीला कोणी परत शाळाच विचारली तर ती तरी काय सांगणार? पण तेव्हा मला वाटायचं, पाचवीत असं काहीतरी आहे जे बाहेर सांगायचंच नसतं. देवळातल्या गाभाऱ्यासारखं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती पाचवीला गेली, तेव्हा मी तिची पुस्तकं उघडून बघायचे. पण पुस्तक बघणं वेगळं आणि पाचवीत बसणं वेगळं. मुलगी भराभर पुढच्या वर्गात गेली, पुस्तकं रद्दीत गेली.

मला पाचवीला न घालण्याचं आणखी एक कारण होतं. आमच्या गुरुजींनी वडिलांना सांगितलं होतं, मी दाराआड उभी होते. “पोरगी वाईट नाही. पण विचारलं की हिला उत्तर यायला वेळ लागतो. तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. पाचवीत हिचा निभाव लागायचा नाही.” गुरुजी खोटं बोलले नव्हते. मला विचारलं की मी उभी राहायचे, फ्रॉकची शिवण चाचपायचे, उत्तर घशापर्यंत यायचं, आणि तेवढ्यात दुसरीच कोणी ते सांगून खाली बसायची. मी मात्र उभीच. त्यामुळे गुरुजींचं बोलणं मी खरं धरलं. लाजाळू आहे हे लोक म्हणायचे. मंद आहे हे मी स्वतःच स्वतःला सांगितलं.

माझी सायली नगरला नर्सिंग शिकते, भिंगारला खोली घेऊन राहते. मागच्या वर्षी तिने नवा मोबाईल घेतला आणि जुना मला आणून दिला. काचेला कोपऱ्यात तडा होता. म्हणाली, “आई, ह्याच्यात तुझ्यासाठी एक ॲप टाकलंय. शाळा सुटलेल्या बायांसाठी. वाचायचं न्हाई, नुसतं ऐकायचं. पाचवीचा सगळा कोर्स हाय.”

पाचवीचा. मी चुलीवरच्या तव्याकडे बघत राहिले.

“आन हे बघ,” ती पुढे म्हणाली, “ऐकून झालं की परीक्षा देता येती. खरीखुरी, पाचवी पास. मी तुझं नाव देते.”

“नको,” मी म्हणाले. “ऐकीन मी. नाव नको देऊ.”

“बरं, कांदे निघूस्तोवर ऐक. मग सांग. नाव द्यायची मुदत तवर हाय.”

तिने शेतात रेंज नसते म्हणून सगळे धडे डाउनलोड करून दिले, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि ती गेली. आणि मी पाचवीला बसले.

पहिलाच धडा पृथ्वीचा होता. पृथ्वी गोल आहे, स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते. हे मला माहीत होतं, पण कोणी माझ्याकडे बघून सांगितलं नव्हतं. मास्तर मात्र माझ्याशीच बोलत होते. फक्त इतकं भराभर बोलत होते की मला वाटलं, शिकलेली माणसं अशीच बोलत असणार. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. प्रत्येक भागाच्या शेवटी ते म्हणायचे, “आता तुम्ही सांगा,” आणि प्रश्न विचारायचे. मी आठवायला लागायचे, ओठ हलवायचे, आणि तेवढ्यात मास्तर म्हणायचे, “शाब्बास!”

काही न सांगताच शाब्बास. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, बाकीच्या बायका, त्या ज्या कुठेकुठे हे ऐकत असतील, त्यांनी वेळेत सांगितलं असणार, शाब्बास त्यांच्यासाठी आहे. मी आपली इथेही उभीच.

हळूहळू रांगेतल्या बायकांना कळलं की माझ्या पदराखाली कोणीतरी बोलतं. रखमाआत्या म्हणजे आमच्या रांगेतली सगळ्यांत थोरली आणि तोंडाने सगळ्यांत तिखट. नात्याने आत्या नाही, पण सगळ्या तिला आत्याच म्हणतो. ती म्हणाली, “शोभे, एकलीच काय ऐकतीस? आमाला ऐकू दे की. कीर्तन हाय का?”

“शाळा हाय,” मी म्हणाले.

“लाव मंग. आमी काय शाळा बघितली न्हाई.”

लताने कळशी आडवी केली. मास्तर कळशीतून बोलायला लागले, जरा घुमत, विहिरीतून बोलल्यासारखे. आणि अख्खी रांग पाचवीत बसली.

“ह्या मास्तरची यष्टी चुकतीया का?” रखमाआत्या पहिल्यांदा हेच म्हणाली. “केवढ्यानं पळतोय!”

“ह्यो आपला मुकादम असता तर रान संध्याकाळपर्यंत साफ,” लता म्हणाली.

आणि गंमत म्हणजे खरंच तसं झालं. कांद्याचं काम उक्तं असतं, जितकं उरकेल तितकं आपलं. मास्तरांच्या बोलण्याच्या तालावर विळे पळायला लागले. मास्तर जोरात, हातही जोरात. बायकांना मास्तर आवडले. पण “आता तुम्ही सांगा” आणि लगेच “शाब्बास” झालं की सगळ्या हसायच्या. रखमाआत्या म्हणायची, “पाव्हन्याला जेवा म्हनायचं आन लगेच ताट उचलायचं. ही कुठली रीत?”

मी हसायचे, पण आतून ते मला लागायचं. त्यांच्यासाठी ती गंमत होती. माझ्यासाठी तो गुरुजींचा निकाल होता, जो आता परत एकदा, कळशीतून, रोज ऐकू येत होता.

तरी ऐकणं सोडवेना. काय काय होतं पाचवीत! पोटातलं लहान आतडं मोठ्या आतड्यापेक्षा लांब असतं. “मंग त्याला ल्हान का म्हनायचं?” आत्याने विचारलं. मी ते दोन दिवस घोळवत राहिले. शेवटी धडा परत ऐकला तेव्हा कळलं की ते अरुंद असतं म्हणून लहान. मास्तरांनी ते सांगितलं होतं, पण आम्ही हसण्यात होतो. पुढे कोन आले. काटकोन, लघुकोन. मास्तर म्हणायचे, “आकृती पाहा,” आणि आमच्यापुढे नुसती कळशी. मग लता विळ्याच्या टोकाने मातीत रेघा ओढायची. मी बघत राहायचे. वाफ्याचा कोपरा काटकोन. आत्याचा वाकलेला गुडघा लघुकोन. घरी जाताना मला सगळीकडे कोनच दिसायचे.

पृथ्वीवरून एकदा चांगलंच भांडण झालं. लता म्हणाली, “फिरती म्हनं. मंग आपला गोठा सकाळी जाग्यावर कसा असतो? मला तर काय फिरल्यावानी वाटत न्हाई.”

“मला वाटतंय की,” आत्या म्हणाली. “उन्हात उठून हुबी ऱ्हायले की समदं फिरतंय.”

हसून झालं, काम झालं, पण लताचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. फिरते तर आपल्याला का कळत नाही?

ह्याचं उत्तर मला टेम्पोत सापडलं. आम्ही कांदा घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघालो होतो. पुढे जागा नव्हती म्हणून मी मागे, गोण्यांवर बसले. रस्ता नवा, गुळगुळीत. बाभळी मागे पळत होत्या, विजेचे खांब मागे पळत होते. मग माझी नजर शेजारच्या गोणीवर गेली. गोणी हलत नव्हती. माझ्या शेजारी बसल्यासारखी गप्प बसली होती. मी हात लावून पाहिला. ती माझ्याबरोबर चालली होती, म्हणून मला ती थांबलेली वाटत होती. डोळे मिटले तर मीही थांबलेली. बाभळी नसत्या तर मला कळलंच नसतं की आम्ही घोडेगावला निघालोय.

मला इतका आनंद झाला की मी गोणीवर थाप मारली. पण सांगणार कोणाला? आमचे हे, सायलीचे वडील, पुढे ड्रायव्हरशी कांद्याच्या भावाचं बोलत होते. आणि एक जुनी गोष्टही तिथेच कळली. उत्तर मला येतं. सावकाश येतं, पण येतं. फक्त तोवर कोणी थांबलेलं नसतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की नाव द्यायचं नाही. टेम्पोत बसून उत्तर सापडलं म्हणून परीक्षेत कोणी टेम्पो आणून देणार आहे का?

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सायली घरी आली. दुपारी डबा घेऊन शेतात आली, आणि बांधावरूनच ओरडली, “आई! हे काय लावलंय?”

“तुझी शाळा,” मी म्हणाले.

ती कळशीपाशी बसली, थोडं ऐकलं आणि हसायला लागली. “अगं, हे दीडच्या स्पीडवर हाय! टाकल्यावर मी आधी ऐकून बघितलं ना, बरं हाय का ते. मी सगळं दीडवरच ऐकते, न्हाईतर आमचा सिलॅबस संपतच न्हाई. परत एकवर करायचं राहिलं.” आणि तिने बोटाने काहीतरी केलं.

कळशीतून दुसराच माणूस बोलायला लागला.

आवाज तोच होता, पण हा माणूस वयस्कर होता. बोलताना श्वास घेत होता. मधे एकदा खाकरला. धड्याच्या मध्यावर एक फुस्स असा आवाज यायचा, तो आम्ही मोबाईलचा समजत होतो. आता तो लांबला आणि कळलं, ती कुकरची शिट्टी आहे. मास्तर कुठल्या स्टुडिओत नव्हते. घरात बसून, स्वयंपाकघराशेजारी, कुकर लावलेला असताना आम्हाला पृथ्वी शिकवत होते. मला एकदम त्यांचं घर दिसलं. आमच्यासारखंच, वरण शिजत असलेलं.

“ह्यो कोन म्हातारा आनला?” रखमाआत्या चिडली. “आमचा मास्तर कुठं गेला?”

“हाच तुमचा मास्तर, आत्या. खरा असाच हाय.”

“खरा नको. आमचा होता त्योच बरा. ह्याच्या तालावर कापत बसलं तर कांदा इथंच उगवंल.”

सायलीने हसून परत दीडवर केलं. विळे पळायला लागले. पण मी त्या मधल्या वेळात एक गोष्ट ऐकली होती आणि माझा हात थांबला होता. म्हाताऱ्या मास्तरांनी “आता तुम्ही सांगा” म्हटलं होतं, आणि त्यानंतर ते गप्प बसले होते. चांगले गप्प. आमच्या भांडणात कोणाच्या लक्षात आलं नाही. पण ती जागा रिकामी होती आणि ती माझ्यासाठी ठेवलेली होती. इतके दिवस ती घाईत कापली जात होती, पातीसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली झोपलेली होती. मी चुलीपाशी बसले, परातीत पीठ मळलं, मोबाईल पाटावर ठेवला आणि तिने दाखवलं होतं तसं एकवर केला. भाकरी थापत ऐकत राहिले. मास्तरांचा श्वास, माझी थाप, लाकडाचं तडतडणं. मग मास्तर म्हणाले, “पाण्याची तीन रूपं कोणती? आता तुम्ही सांगा.”

मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाले, “बर्फ, पाणी, वाफ.” मोठ्याने. स्वतःचा आवाज स्वतःलाच परका वाटला. आणि मास्तर अजून गप्पच होते. माझं सांगून झालं होतं तरी गप्प. मी तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं, तिच्यावरचं पाणी उडत होतं, वाफच होत होती. मग ते म्हणाले, “शाब्बास.”

हे दारातून आत डोकावले. “कुनाशी बोलतीस?”

“मास्तरांशी.”

“चालू दे,” हे म्हणाले, आणि बाहेर जाऊन लोटीने तोंड धुवायला लागले. थोड्या वेळाने बाहेरूनच आवाज आला, “बर्फ म्हनलीस ना? बराबर हाय.”

त्या दिवसापासून माझ्या दोन शाळा झाल्या. रानात पळती, चुलीपाशी चालती. रानातली बायकांसाठी, चुलीपाशीची माझी. जे दुपारी ऐकलं ते सकाळी परत ऐकायचं आणि त्या रिकाम्या जागेत उत्तर ठेवायचं. कधी चुकायचं. कधी भाकरी करपायची. पण एकदाही मी सांगायच्या आत मास्तर पुढे गेले नाहीत. मला प्रश्न पडायचा, त्यांना कसं कळलं असेल किती वेळ थांबायचं? समोर तर कोणी नव्हतं. भिंतीकडे बघून थांबले असतील का? का मनात कोणीतरी एक बाई धरली असेल, सावकाश उत्तर देणारी?

आणि असंही वाटायचं की आमचे गुरुजी तरी कुठे वाईट होते. चार वर्ग एका खोलीत, एकटा माणूस. ते दीडवरच चालत असणार. त्यांना कोणी एकवर करायला आलं नाही.

कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला त्या दिवशी सायलीचा फोन आला. नेहमीसारखी धावतच बोलली. “आई, उद्या शेवटचा दिवस. नाव देऊ का नको? बरं, नको ना? ठीक हाय, मी...”

“थांब,” मी म्हणाले. “दे नाव.”

परीक्षा दिवाळीनंतर झाली, राहुरीला एका शाळेत. नंतर निकाल लागला, मी पास झाले. सायलीने पेढे आणले आणि रखमाआत्याने दोन खाऊन वर म्हटलं, “आता सहावीचा मास्तर आन. पन त्यो म्हाताराच आन.” कारण तोवर रांगेलाही त्या म्हाताऱ्याची सवय लागली होती. यंदा ते एकवरच बोलतात, आणि बाकीचा वेळ विळे आपल्या तालाने पळतात, फक्त तेवढ्या जागेत थांबतात. आत्याचं उत्तर बहुतेक चुकतं आणि तरी मास्तर तिला शाब्बास म्हणतात. ती म्हणते, “बघा, मानूस पारखी हाय.”

पण मला निकालापेक्षा तोंडी परीक्षा जास्त आठवते. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे वर करून बसलो होतो. माझा नंबर लागला. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, चेहरा दमलेला. बाहेर अजून बरीच माणसं उभी होती. त्यांनी कागद बघून विचारलं, “पृथ्वी फिरते, मग आपल्याला ते जाणवत का नाही?”

 टेम्पो, गोणी, बाभळी, सगळं एकदम आलं. इतकं आलं की कुठून सुरू करावं कळेना. माझा हात पदराच्या काठाकडे गेला, तीच जुनी शिवण शोधायला. बाईंनी थोडं बघितलं. मग पेन कागदावर टेकवलं आणि चांगल्या मनानेच म्हणाल्या, “असू दे. पुढचा प्रश्न...”

“बाई, थांबा,” मी म्हणाले. “मला येतंय. सांगते.”

त्यांनी वर बघितलं. पेन खाली ठेवलं. वर पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी पाढे म्हणत होतं. मी पदर सोडला, हात मांडीवर ठेवले आणि आधी एक श्वास घेतला, मास्तर घ्यायचे तसा.

“आम्ही टेम्पोत बसून घोडेगावला चाललो होतो,” मी म्हणाले.